छातीतली गाठ आणि तिसावी दुप्पट

महाडच्या एमआयडीसीत नोकरी लागायची असो की आखाताचा व्हिसा काढायचा असो, मेडिकलमध्ये छातीचा फोटो आलाच. समजा, तळीयेच्या एखाद्या धडधाकट पोराच्या फोटोत कण्याला चिकटून पांढरी, गोल सावली दिसली. खोकला नाही, ताप नाही. घरात लगेच ‘टाटाला न्यायचं का?’ सुरू होतं. अशा जागची गाठ मोठ्या माणसात बहुतेकदा मज्जातंतूच्या आवरणाची आणि साधी निघते. डॉक्टर तिला श्वॉनोमा म्हणतात. एरवी ती दुर्मीळच.

तिचा हिशेब मात्र चक्रावून टाकतो. ज्या पेशीपासून ती वाढते, ती थिओडोर श्वॉनने १८३९ मध्ये वर्णन केली. अशी एक पेशी तंतूचा जेमतेम मिलिमीटरभर तुकडा सांभाळते. जाड तंतूभोवती तिचे शंभराच्या आसपास वेढे असतात. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या मीटरभर तंतूवर अशा सुमारे हजार पेशी ओळीने बसलेल्या. हा तंतू फुगवून वीतभर घेराच्या बांबूएवढा केला, तर त्याची लांबी काही किलोमीटर भरेल.

एवढा खटाटोप वेगासाठी. वेढे असलेल्या जाड तंतूत संदेश सेकंदाला शंभर मीटर पळतो. या वेगाने महाडहून मुंबईचे सुमारे १७० किलोमीटर अठ्ठावीस मिनिटांत सरतील. (मुंबई-गोवा महामार्गावर हे वाचून कुणी हसलं तर दोष माझा नाही.) वेढे नसलेल्या बारीक तंतूचा वेग सेकंदाला मीटरभर. त्याला तेच अंतर कापायला जवळजवळ दोन दिवस लागतील.

आता बिघाड. माणसाच्या जनुकीय मजकुरात सुमारे ३०० कोटी अक्षरं. त्यातल्या बाविसाव्या गुणसूत्रावरच्या एनएफ-२ या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पेशीत निकामी झाल्या की वाढीचा लगाम सुटू शकतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार असं करत तिसाव्या दुपटीला १०७ कोटी पेशी होतात. गाठीच्या ढोबळ गणितात तेवढ्या पेशी म्हणजे एक घन सेंटीमीटर. पुढच्या अवघ्या सहा दुपटींत तीच गाठ पाच सेंटीमीटर व्यासाची होते, मोठ्या लिंबापेक्षाही थोरली. म्हणजे फोटोत नजरेत भरेपर्यंत बहुतेक दुपटी उरकलेल्या असतात. पेशी मरतातही, त्यामुळे प्रत्यक्षातली चाल याहून संथ असते. वर्षानुवर्षं काही जाणवत नाही ते यामुळेच.

ही गाठ आपल्याच पिशवीत वाढते आणि तंतूंना बाजूला सारते, म्हणून बऱ्याचदा दुर्बिणीने, बोटभर रुंदीच्या दोन-तीन छेदांतून निघते. पण दहातली एखादी कण्याच्या मणक्यांमधल्या भोकातून आत शिरलेली असते, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर. आतलं टोक मज्जारज्जूला टेकू शकतं. अशी गाठ बाहेरून ओढली तर आत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून आधी एमआरआय करतात, आणि आत शिरकाव दिसला तर छातीच्या सर्जनबरोबर न्यूरोसर्जनही टेबलाशी उभा राहतो.