निळी चिंधी काय सांगते?

रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. त्यांत घट्ट बसून गोळी स्वतःभोवती फिरत सुटते, म्हणूनच ती भरकटत नाही. मात्र गोळीच्या शिशावरचं कवच बहुधा ९५ टक्के तांबं आणि ५ टक्के जस्ताचं असतं, आणि त्याचा सूक्ष्म थर दर बाराला नळीत चिकटतो. थर जाड झाला की नेम विस्कटतो.

दारूची काजळी साध्या द्रावणाने निघते, तांबं नाही. त्यासाठी बहुधा अमोनिया वापरतात. हवेतला ऑक्सिजन तांब्याचे आयन तयार करतो, अमोनियाचे रेणू त्यांना वेढतात आणि गर्द निळं, विरघळणारं संयुग बनतं. किती सुंदर रसायनशास्त्र! अमोनिया लावून नळीतून फिरवलेली चिंधी निळी आली म्हणजे आत तांबं उरलं आहे. नळी घासायचा ब्रश ब्राँझचा असेल तर मात्र हा निळा रंग ब्रशमधल्या तांब्याचाही असू शकतो. नायलॉनचाच घ्यावा. रायफल रिकामी असल्याची खात्री आणि खोलीत खेळती हवा, हे आधी.

मात्र प्रत्येक रायफलच्या नळीत तांबं साचत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात ५.६ मिलिमीटरची, कवच नसलेली शिशाची गोळी वापरतात. तिथे नळीत साचतं ते शिसं आणि वंगण.