गाडी नुसती ‘टकटक’ करते, सुरू होत नाही : आवाजामागचं विज्ञान



थंडीच्या दिवसांत पाचगणी-महाबळेश्वरला मुक्काम केला, की सकाळी हा प्रकार हमखास दिसतो. किल्ली फिरवली तर इंजिन गप्प, नुसता ‘टक’ आवाज. मग सल्ले सुरू होतात : बॅटरी गेली, सेल्फ गेला, धक्का मारा! अंदाजाने नवी बॅटरी आणली की काही हजार रुपये जातात, आणि दोष निघतो एखाद्या सैल नटात. खरं तर आवाज नीट ऐकला तरी बरंचसं निदान होतं. त्यासाठी लागणारं विज्ञान आठवी ते दहावीच्या पुस्तकांतच आहे.

‘टक’ कुठून येतो?

किल्ली फिरवल्यावर थोडीशी विद्युतधारा सॉलेनॉइडमधून, म्हणजे आपल्या पुस्तकातल्या नालकुंतलातून जाते. ते चुंबक बनतं आणि आतला लोखंडी दांडा ओढून घेतं. हा दांडा दोन कामं करतो. सेल्फच्या मोटरचं छोटं दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलमध्ये अडकवतो आणि बॅटरी व मोटर यांच्यातले जाड संपर्क जोडतो. दांडा आपटल्याचा आवाज म्हणजे ‘टक’. तो ऐकू आला, तर किल्लीपासून सॉलेनॉइडपर्यंतचा मार्ग साधारण ठीक आहे. दोष बॅटरी, तिच्या जोडण्या किंवा सेल्फ यांत शोधायचा.

एक ‘टक’ की भराभर ‘टकटकटक’?

भराभर आवाज येत असेल तर बहुधा बॅटरी उतरलेली असते किंवा जोडणी खराब असते. संपर्क जुळताच मोटर प्रचंड धारा मागते, विभवांतर कोसळतं, चुंबक दुबळा होऊन दांडा सुटतो. भार गेला की विभवांतर परत वाढतं, दांडा पुन्हा ओढला जातो. शाळेची विद्युत घंटा अशीच चालू-बंद होत वाजते.

एकच ठसठशीत ‘टक’ येऊन सगळं शांत झालं, तर सॉलेनॉइडचे संपर्क जळालेले, मोटरचे कार्बन झिजलेले किंवा मोटर अडकलेली असू शकते.

‘लाईट तर लागतेय, मग बॅटरीकडे दोष कसा?’

हा प्रश्न सगळेच विचारतात. उत्तर ओहमच्या नियमात आहे. समजा, टर्मिनलवर पांढरा-हिरवट थर साचून तिथे फक्त 0.05 ओहम रोध तयार झाला. दोन्ही हेडलाईट मिळून साधारण 10 अँपिअर घेतात :

10 × 0.05 = 0.5 व्होल्ट

एवढी घट डोळ्यांना जाणवतही नाही. सेल्फला मात्र 100 अँपिअर किंवा त्याहून जास्त धारा लागते :

100 × 0.05 = 5 व्होल्ट

12 व्होल्टमधले 5 वाटेतच गेले, तर मोटर फिरणार कशी? म्हणून लाईट लागणं हा बॅटरी चांगली असल्याचा पुरावा नाही. लाईट लावून किल्ली फिरवा. लाईट एकदम मंदावली तर बॅटरी किंवा जोडणी तपासा. तशीच प्रखर राहिली तर संशय सेल्फवर.

तपासणीचा क्रम

1. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, किल्ली बंद.
2. टर्मिनल हाताने हलवून बघा. हलत असेल तर पान्याने घट्ट करा.
3. थर असेल तर आधी ऋण (–) टर्मिनल काढा, मग धन (+). खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडं करा. आम्लाचं उदासिनीकरण इथे प्रत्यक्ष दिसतं. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. जोडताना धन आधी, ऋण शेवटी.
4. मल्टिमीटर लावा. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली, 12 च्या खाली म्हणजे उतरलेली.
5. गाडी सुरू झाल्यावर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. नसतील तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. अशा वेळी नवी बॅटरीही उतरणारच.

जंपर केबल लावताना लाल केबलने दोन्ही बॅटऱ्यांची धन टोकं जोडा. काळी केबल आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब लावा. बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते. मुलांना तिथून लांबच ठेवा. ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. खंबाटकीसारख्या घाटात तर कुठलीच गाडी ढकलू नका.

सांगलीकरांसाठी खास

2019 आणि 2021 च्या महापुरात सांगलीत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेल्या गाडीतून ‘टक’ आला तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टन अडतो. त्यातही इंजिन फिरलं तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. बॅटरीची ऋण तार काढा आणि गाडी टोचन करून गॅरेजला न्या.

वर्गात काय करता येईल?

मोठ्या खिळ्यावर इनॅमल तांब्याची तार गुंडाळून टॉर्चच्या नव्या सेलला क्षणभर जोडा. किती टाचण्या उचलल्या ते मोजा. मग जुना, उतरलेला सेल जोडून पुन्हा मोजा. कमी का झाल्या, हे मुलांनाच सांगू द्या. ‘टकटक’ करणाऱ्या गाडीचं निम्मं उत्तर त्यांना तिथेच सापडतं.