खाते एका बँकेत, भरवसा दुसरीवर

सांगली बँक 1916ची, साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक 1936ची. दोन्ही जिल्ह्यांतल्या व्यापाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांचे चेक या घरच्या बँकांत वटले. 2 सप्टेंबर 2006 रोजी युनायटेड वेस्टर्नवर निर्बंध आले, दहा हजारांहून जास्त रक्कम काढायला बंदी झाली. 3 ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली. 2007च्या एप्रिलमध्ये सांगली बँकही आयसीआयसीआयमध्ये गेली.

तेव्हा झळ बसली ती त्या बँकेत खाते असणाऱ्यांना. पुढे हे गणितच बदलले.

11 एप्रिल 2016 रोजी यूपीआयची सुरुवात झाली, नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि हळूहळू दुकानोदुकानी क्यूआरचे कागद चिकटले. साताऱ्यातल्या कंदी पेढ्यांच्या दुकानात गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करून पिन टाकते, तेव्हा ॲप फक्त निरोप्याचे काम करते. पैसे त्याच्या हाती येतच नाहीत. निरोप आधी ॲपच्या पाठीशी असलेल्या बँकेकडे जातो, तिथून नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेकडे. मग गिऱ्हाइकाच्या बँकेतून रक्कम वजा होते, दुकानदाराच्या बँकेत जमा होते. काही सेकंदांत साउंडबॉक्स बोलतो.

या साखळीतला कच्चा दुवा 5 मार्च 2020च्या रात्री दिसला. रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि फोनपे बंद पडले, कारण त्याच्या पाठीशी तेव्हा तीच एक बँक होती. येस बँकेचे तोंडही न पाहिलेल्या ग्राहकांचे व्यवहार अडले. दिवसभरात आयसीआयसीआयच्या आधाराने सेवा सुरू झाली. पुढे ॲक्सिसही जोडली गेली.

हा धडा 2024 मध्ये कामी आला. 31 जानेवारीला पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध जाहीर झाले. मार्चच्या मध्यात पेटीएम ॲपला ॲक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक अशा चार बँकांची साथ मिळाली. ॲप चालू राहिले.

आपल्यामागे कोणती बँक आहे, हे यूपीआय आयडीतच दिसते: ‘वायबीएल’ म्हणजे येस, ‘ओकेएसबीआय’ म्हणजे स्टेट बँक. दुकानदारांनी ही अक्षरे एकदा तपासावीत आणि गल्ल्याशेजारी दोन वेगळ्या बँकांच्या आधारावर चालणारे दोन क्यूआर ठेवावेत.