शिक्षण मंडळ गेले, शाळेची निवडणूक राहिली



निवडणूक म्हटली की आपल्याला प्रभाग, चिन्ह आणि बोटावरची शाई आठवते. पण सोलापुरात अशीही एक निवडणूक होते, जिला शाई लागत नाही. शाळेच्या एखाद्या वर्गात पालक जमतात, नावे सुचवली जातात, हात वर होतात आणि तासाभरात सगळे आटोपते. ही निवडणूक शाळा व्यवस्थापन समितीची. आपण ज्या पारधी, कैकाडी आणि इतर विमुक्त कुटुंबांमध्ये काम करतो, त्यांच्या मुलांच्या रोजच्या शाळेशी हिचा फार जवळचा संबंध आहे. तरीही बहुतेक वेळा वस्तीला ती होऊन गेल्यावरच कळते. म्हणून या अंकात ही निवडणूक नीट समजून घेऊ.

पूर्वी काय होते?

मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे आला. पुढे मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम, १९४७ या कायद्याखाली नगरपालिकांची शिक्षण मंडळे चालू लागली. सोलापूरची नगरपालिका १८५२ सालची. १९६४ साली ती महानगरपालिका झाली. गिरण्यांमुळे येथे मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी कुटुंबे स्थायिक झाली, आणि पालिकेच्या शाळाही या चारही माध्यमांतून चालल्या.

या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या शिक्षण मंडळाचे सदस्य नगरसेवक निवडून देत. सभागृहात ज्या पक्षाचे बळ जास्त, त्याचे सदस्य मंडळावर जास्त. मुलांच्या आईवडिलांना या निवडणुकीत थेट मत नव्हते. ज्याला शाळेचे काही सांगायचे, त्याने नगरसेवकाला गाठायचे. ज्या वस्तीची मतदार यादीत नावेच मोजकी, तिचे कोण ऐकणार?

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर २०१३ साली राज्याने १९४७ चा जुना कायदा मोडीत काढला आणि शिक्षण मंडळे बंद करण्याचा मार्ग धरला. मंडळांचे अधिकार महापालिकेच्या प्रशासनाकडे गेले. पण नव्या कायद्याने शाळेच्या पातळीवर दुसरे एक दार उघडले होते, आणि ते पालकांसाठी होते.

या दाराचे मोल सोलापूरकरांनी अलीकडेच पाहिले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढचे मतदान थेट जानेवारी २०२६ मध्ये झाले. जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवक नव्हते. या काळातही पालिकेच्या प्रत्येक शाळेत पालकांची समिती असणे कायद्याने बंधनकारकच होते.

समिती कशी बनते?

कायद्याचे कलम २१ आणि महाराष्ट्राचे नियम एकत्र वाचले, तर चित्र असे दिसते.

• समितीत १२ ते १६ सदस्य असतात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात.
• तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असतात. म्हणजे बारा जणांच्या समितीत नऊ पालक.
• उरलेल्या जागांवर स्थानिक संस्थेचा प्रतिनिधी, शिक्षकांचा प्रतिनिधी आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती येते.
• एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात.
• पालक सदस्य पालकांच्या सभेतून निवडले जातात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच होतात.
• दर दोन वर्षांनी समिती नव्याने निवडायची असते, आणि महिन्यातून किमान एक बैठक घ्यायची असते.

यात आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची अट आणखी एक आहे. वंचित गटातील आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. अनुसूचित जाती-जमातींची मुले कायद्यानेच वंचित गटात येतात. पारधी समाज महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत आहे. कैकाडी समाज आपल्याकडे विमुक्त जातींमध्ये मोडतो, आणि विमुक्त-भटक्यांनाही राज्याने या गटात घेतले आहे. उदाहरणच घ्यायचे, तर एखाद्या शाळेत ९० मुले असून त्यांतली २० वस्तीवरची असतील, तर नऊ पालकांमध्ये वस्तीचे दोन असायला हवेत.

पालक सदस्याला शिक्षणाची अट नाही. सही येत नसली, अंगठा असला, तरी चालते. तसेच कायदा 'आईवडील किंवा पालक' असे म्हणतो, आणि ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आहे तो पालक ठरतो. ऊसतोडीला गेलेल्या मुलीची लेकरे जी आजी सांभाळते, तीही पालक म्हणून सभेत उभी राहू शकते.

एक खुलासा करायला हवा. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती सक्तीची नाही. अल्पसंख्याक संस्थांनी चालवलेल्या अनुदानित शाळांत, म्हणजे मिशनच्या शाळांतही, २०१२ च्या दुरुस्तीने समितीचे काम सल्ला देण्यापुरते ठेवले होते. पण सल्ला घ्यायलाही पालक समोर बसावे लागतात, हे आपल्या संस्थांनी विसरू नये.

समितीच्या हाती काय असते?

शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा खर्च कसा होतो ते पाहणे ही समितीची मुख्य कामे. शिक्षक वेळेवर येतात का, पोषण आहाराची खिचडी कशी शिजते, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आणि पाणी आहे का, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे. मोफत गणवेशाची खरेदी मधल्या काळात वरच्या पातळीवरून झाली होती. डिसेंबर २०२४ च्या निर्णयाने तीही पुन्हा समितीकडे आली.

वस्तीच्या मुलांसाठी याहून मोठी बाब प्रवेशाची आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून मुलाला बाहेर ठेवता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घ्यायचे आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणाने भरून काढायचा, असे कायदा सांगतो. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे तर स्थानिक संस्थेचे नेमून दिलेले कर्तव्य आहे. मारणे किंवा जातीवरून हिणवणे यालाही कायद्यात जागा नाही.

हे सारे कागदावर आहे. पण "या पोराची कागदपत्रं आणा, मग बघू" असे दारातच सांगितले जाते, तेव्हा तो कागद कोणीतरी वाचून दाखवावा लागतो. समितीत वस्तीची एक आई बसलेली असली, तर ते वाक्य बोलायच्या आधी माणूस थोडा थांबतो. आमच्या कामात हा फरक आम्ही वारंवार पाहिला आहे.

वस्ती बाहेर का राहते?

याचे पहिले कारण साधे आहे. सभा भर कामाच्या दिवशी सकाळी अकराला असते. भंगार वेचणाऱ्या, फुगे-खेळणी विकणाऱ्या बाईला एवढ्या वेळासाठी दिवसाची कमाई सोडावी लागते. सभेची चिठ्ठी मुलाच्या वहीत येते, आणि घरात ती वाचणारे तेच मूल असते. शिवाय काही ठिकाणी नावे आधीच ठरलेली असतात आणि सभेत फक्त वाचून दाखवली जातात.

दुसरे कारण जुने आहे. सोलापुरात आजही 'सेटलमेंट' हे नाव सर्वांच्या तोंडी आहे. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांना तारेच्या कुंपणात ठेवण्यासाठी ज्या वसाहती झाल्या, त्यांतली एक मोठी वसाहत आपल्या शहरात होती. काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. मोठ्यांनी हजेरी द्यायची आणि गिरणीत कामाला जायचे, मुलांनी सांगितलेल्या शाळेत बसायचे. १९११ च्या कायद्यात तर मुलांना आईवडिलांपासून काढून वेगळ्या शाळांत ठेवण्याचीही तरतूद होती. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी.

म्हणजे या कुटुंबांना शाळा प्रथम भेटली ती हुकूम म्हणून. साहेब नाव पुकारणार आणि आपण 'हजर' म्हणायचे, एवढेच त्यांच्या आजोबा-पणजोबांना ठाऊक होते. अशा घरातली आई "ताई, आम्ही काय बोलणार तिथं?" असे विचारते, तेव्हा ती उदासीन आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शाळेत पालकाचे मत विचारतात, ही गोष्टच त्या घराला नवी आहे. आणि ज्या व्यवस्थेने ती सवय लावली, तिच्यात मिशनचाही वाटा होता. म्हणून हे काम आपल्याकडे अधिक येते.

आपण काय करू शकतो?

पहिले, तारीख मिळवा. सध्याची समिती कधी निवडली, तिची मुदत कधी संपते आणि तिच्यात कोण आहे, हे मुख्याध्यापकांना आदराने विचारा. वस्तीच्या पालकांना प्रमाणात जागा दिल्या आहेत का, तेही पाहा.

दुसरे, सभेची वेळ बदलून घ्या. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी सभा ठेवावी, असा अर्ज पालकांच्या सह्या-अंगठ्यांनिशी द्या. बहुतेक मुख्याध्यापकांना पालक यावेत असेच वाटत असते. आधी विचारले की ते ऐकतात.

तिसरे, एकटीला पाठवू नका. दोन-तीन आया बरोबर गेल्या की एकीचा आवाज निघतो. आदल्या रात्री वस्तीवर बसून एकच मागणी ठरवा. दहा तक्रारींपेक्षा "मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी द्या" हे एक वाक्य इतिवृत्तात लिहून घेणे जास्त कामाचे.

चौथे, इतिवृत्त वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. प्रवेश नाकारला किंवा मुलाला मारले, तर कलम ३२ खाली महापालिकेकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तो पटला नाही, तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते.

पाचवी सूचना आपल्यासारख्या कार्यकर्त्यांसाठी. शिक्षणाची जाण असलेल्या व्यक्तीची जागा आपल्याला देऊ केली जाते, आणि ती घेण्यात गैर काही नाही. मात्र तिथे बसून वस्तीच्या वतीने आपणच बोलत राहिलो, तर पालकांच्या जागा रिकाम्याच राहतील.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायातली हकिकत आपल्याला माहीत आहे. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकुर यरुशलेमच्या मंडळीत सुरू झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प बसवले नाही. त्यांनी मंडळीलाच सात जण निवडायला सांगितले, आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या बायका-विधवा उपाशी राहत होत्या, वाटपाचे काम त्यांच्याच भाषेतल्या माणसांकडे गेले, असा याचा अर्थ अभ्यासक लावतात. मंडळीच्या सुरुवातीच्या दिवसांतली ही निवडणूक अन्नाच्या वाटपासाठी होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

जूनमध्ये शाळा उघडतील. अनेक शाळांत पालकांच्या सभा होतील आणि जिथे मुदत संपली आहे, तिथे नवी समिती निवडली जाईल. आपल्या ओळखीच्या वस्तीतील मुले ज्या शाळेत जातात, तिथे त्याआधी एकदा जाऊन या. मुख्याध्यापकांकडून सभेची तारीख घ्या आणि ती वस्तीवर घरोघरी तोंडी सांगा.