ड्रायव्हरच्या पायाला मुंग्या का येतात?

मंडळी, सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची आवक वाढली म्हणजे दिवस मावळल्यावर मालगाड्या भरून निघू लागतात. कोणी पुण्याच्या वाटेला लागतो, कोणी हैदराबादच्या, तर कोणी विजापूरवरून खाली बंगळूरकडे. पहाटे कोठेतरी धाब्यापाशी गाडी उभी राहते. ड्रायव्हर दार उघडून खाली उतरतो आणि पहिलेच पाऊल असे पडते, की पाय जणू आपला नव्हेच. दाराला धरून तो क्षणभर उभा राहतो, पाय जमिनीवर आपटतो आणि क्लीनरला म्हणतो, "थांब रे जरा, पाय झोपलाय." चहाचा कप रिकामा होईपर्यंत मुंग्या निघून जातात आणि गाडी पुन्हा चालू लागते.

रोजचेच आहे म्हणून याकडे कोणी पाहत नाही. पण महिना जातो, वर्ष जाते, आणि मग एखादे दिवशी चहा संपतो तरी मुंग्या जात नाहीत. घरी पोचून झोप काढली तरी मांडी जड, पोटरीत ओढ आणि पावलाला कापूस लावल्यासारखे वाटत राहते. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. आता तुम्हीच विचार करा. ज्या पावलाला चप्पल निसटल्याचे समजत नाही, त्या पावलाला ब्रेकवर किती भार पडला हे कसे समजावे? म्हणजे हे दुखणे एकट्या ड्रायव्हरचे राहत नाही. गाडीत बसलेल्यांचे आणि रस्त्याने चालणाऱ्यांचेही ते होते.

हे केवळ मालगाडीवाल्यांपुरतेच आहे असे मात्र समजू नका. उसाच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या जोडून रात्रंदिवस कारखान्याच्या खेपा करणारा ट्रॅक्टरवाला, एस. टी. चा चालक, वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या फेऱ्या मारणारा जीपवाला आणि रोज तीस-चाळीस किलोमीटर मोटारसायकलीवरून शाळेला जाणारे आपले गुरुजी, या साऱ्यांना ते ठाऊक आहे.

मग पाय झोपतो म्हणजे नेमके काय होते? आपण म्हणतो, "रक्त अडकले." हे अर्धेच खरे आहे. आपल्या कमरेच्या मणक्यांतून मज्जातंतू निघतात. बोलताना आपण त्यांना नस म्हणतो. त्यांचे पाच मुळांचे मिळून एक जाड दोरखंड होते, जवळजवळ हाताच्या अंगठ्याएवढे. ते ढुंगणाच्या स्नायूखालून मांडीच्या मागच्या अंगाने उतरते आणि गुडघ्याच्या वर त्याच्या दोन शाखा होतात. पावलाला काटा बोचला ही खबर याच वाटेने वर जाते आणि "पाय उचल" हा हुकूम याच वाटेने खाली येतो. तारेवर दगड ठेवला तर तार तुटत नाही. परंतु नस ही जिवंत तार आहे. तिलाही बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त मिळावे लागते. दाब पडला की ते थांबते आणि खबर पोचेनाशी होते. दाब निघाला की नस जागी होते, आणि जागी होताना वेड्यावाकड्या खबरा पाठवते. त्याच मुंग्या. दाब थोडा वेळ असेल तर नुकसान काही नाही. पण तोच दाब तासन् तास, रोज आणि वर्षानुवर्षे पडला, तर नसेवरचे आवरण झिजू लागते.

ड्रायव्हरच्या बाबतीत हा दाब मुख्यतः चार ठिकाणी पडतो. बधिरपणा कोठे आहे हे नीट पाहिले तर जागा बहुधा ओळखता येते.

पहिली जागा कमर. दोन मणक्यांच्या मध्ये एक लवचिक गादी असते. ती सरकून नसेच्या मुळाला टोचली की कमरेपासून ढुंगण, मांडी, पोटरी आणि थेट बोटांपर्यंत एक कळ धावते. वैद्य तिला गृध्रसी म्हणतात, डॉक्टर सायटिका म्हणतात. गादीचा आणि या कळेचा संबंध १९३४ साली मिक्स्टर आणि बार या दोन अमेरिकन शस्त्रवैद्यांनी दाखवून दिला. पुढे स्वीडनमधील नाखेमसन नावाच्या अस्थितज्ज्ञाने गादीत सुई घालून दाबच मोजला. उभे राहण्यापेक्षा टेकू न घेता बसल्यावर तो अधिक भरला. नंतरच्या मोजण्यांत हा फरक तेवढा मोठा निघाला नाही. मात्र पोक काढून बसले की दाब चढतो आणि पाठीला टेकू मिळाला की उतरतो, हे कायम राहिले. त्यात इंजिनाचा थरथराट आणि खड्ड्यांचे हिसके मिळवा. ट्रॅक्टरवाला तर एक हात चाकावर ठेवून मान आणि कंबर मागे वळवून नांगराकडे पाहत असतो. त्याच्या कमरेला दुहेरी पीळ बसतो.

दुसरी जागा ढुंगण. पाठीमागच्या खिशात फुगलेले पाकीट, तंबाखूची डबी किंवा मोबाइल ठेवून आठ आठ तास बसणारे पुष्कळ आहेत. ती वस्तू बरोबर नसेवर येते. शिवाय एक बाजू उंच झाल्याने कंबरही वाकडी राहते. १९७८ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात या दुखण्याला पाकिटावरूनच नाव दिले गेले. यावरचा इलाज फुकटाचा आहे. पाकीट काढून पुढे ठेवा.

तिसरी जागा गुडघ्याची बाहेरची बाजू. गुडघ्याच्या किंचित खाली बाहेरच्या अंगाला हाडाचे एक बोंड हाताला लागते. एक नस त्याला वळसा घालून जाते आणि तेथे तिच्यावर कातडीखेरीज फारसे आवरण नसते. लांबच्या सरळ रस्त्यावर एक पाय सीटवर दुमडून घेणारे किंवा गुडघा दारावर टेकवून बसणारे याच नसेला दाबतात. मग पावलाचा वरचा भाग बधिर होतो आणि पाऊल वर उचलत नाही, चालताना चवडा घासतो. मांडी घालून दिवसभर विड्या वळणाऱ्या आपल्या सोलापूरच्या भगिनींनीही ही जागा लक्षात ठेवावी.

चौथी जागा जांघ. पट्टा किंवा करगोटा फार आवळलेला असला आणि पोट सुटलेले असले, की मांडीच्या बाहेरच्या अंगाला तळहाताएवढा भाग बधिर होतो आणि चुरचुरतो. येथे पायाची ताकद जात नाही. पट्टा सैल करावा, वजन उतरवावे, एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो.

आता रोजचा उपाय सांगतो. गाडी सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटे बैठकीला द्या. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट पुढे घ्या. सीटची कड गुडघ्यामागे रुतू नये, मध्ये दोन-तीन बोटे मावतील एवढी जागा असावी. कमरेच्या खोलगट भागात पंचाची घडी किंवा छोटी उशी ठेवा. सीटची स्प्रिंग मोडली असेल तर ती बदलणे ही चैन नव्हे. टायर झिजला की आपण बदलतोच ना?

दुसरी गोष्ट म्हणजे थांबणे. दर दोन तासांनी गाडी बाजूला घ्या, खाली उतरा आणि पाच-दहा मिनिटे चाला. सोलापूरहून पुणे सुमारे २५० किलोमीटर आहे. एकदा टेंभुर्णीला थांबा, एकदा भिगवणला. हैदराबादला जाताना उमरग्याला थांबा आणि जहिराबादला थांबा. उतरल्यावर कमरेवर हात ठेवून सावकाश पाच-सात वेळा मागे झुका. गाडीला धरून टाचा वीस वेळा उचला. मग एक पाय पायरीवर ठेवून मांडीची मागची शीर ताणा. मागे झुकताना कळ पायात आणखी खाली उतरू लागली तर मात्र तो व्यायाम सोडा. सिग्नलला किंवा फाटकापाशी गाडी उभी असताना पाऊल घोट्यातून वरखाली हलवा.

"वारंवार उतरावे लागते" म्हणून पाणीच न पिणारे ड्रायव्हर आहेत. हे चुकीचे आहे. पाणी प्या, त्या निमित्ताने उतरणे होईल. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसले की पोटरीतील रक्त संथ होते आणि क्वचित त्याची गुठळी बनते. १९४० साली लंडनवर बाँब पडत असताना लोक रात्र रात्र आश्रयस्थानांत कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढीत. खुर्चीची लाकडी कड मांडीखाली रुते. त्यांच्यापैकी काही जण गुठळी फुप्फुसात जाऊन अकस्मात दगावले आणि डॉ. सिम्प्सन यांनी ते उघडकीस आणले. त्याच लंडनमध्ये १९५३ साली डॉ. मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार जास्त आढळला आणि दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत कमी. एकच गाडी आणि एकच रस्ता. एक बसलेला, दुसरा चालता.

एवढे करूनही बधिरपणा गेला नाही तर काय? तर सगळा दोष गाडीवर टाकून मोकळे होऊ नका. दोन्ही तळपाय सारखेच बधिर असतील, मोजा घातल्यासारखे वाटत असेल आणि रात्री जळजळ होत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्या. मधुमेह असाच पायाच्या बोटांपासून सुरुवात करतो. नुसत्या शाकाहारावर राहणाऱ्यांना, त्यातही दूध कमी घेणाऱ्यांना, ब-१२ जीवनसत्त्व कमी पडून हेच होते. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षे घेणाऱ्यांतही ते कमी होऊ शकते. रोजची दारूही नसा खाते. आणि कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तेथे टोचलेले कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. घाबरू नका आणि लपवूही नका. सरकारी दवाखान्यात त्याची औषधे फुकट मिळतात आणि वेळेवर घेतली तर रोग पूर्ण बरा होतो.

बधिर पायाला गरम विटेचा किंवा तव्याचा शेक कधीही देऊ नका. पाय भाजतो आणि आपल्याला कळत नाही. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला अनवाणी चालत जाणारे हजारो भाविक आहेत. ज्याच्या तळपायाला संवेदना कमी आहे, त्याने आईचे नाव घ्यावे आणि पायात चांगली चप्पलही घालावी. तसेच कंबर तुडवून घेणे किंवा कोणाकडूनही "हाड बसवून" घेणे टाळा. सायटिकाचे बहुतेक रोगी सहा आठवडे ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेवाचून बरे होतात. त्यासाठी अंथरुणाला खिळून राहू नये, झेपेल तेवढे हिंडते राहावे.

मात्र काही खुणा अशा आहेत, की त्या दिसल्यावर वाट पाहायची नाही. लघवीची किंवा शौचाची जाणीव गेली, घोड्याच्या खोगिराला टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. येथे तासांचा हिशोब असतो. एकाएकी एका बाजूचा हात-पाय गेला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका आहे. एकच पोटरी सुजली, दुखू लागली आणि धाप लागली, तर गुठळीची शंका घ्या. अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि पाऊल उचलेनासे झाले, तर आठवडा न घालवता डॉक्टरांना दाखवा, तोवर गाडीला हात लावू नका.

एक सोपी परीक्षा घरी करता येते. भिंतीजवळ उभे राहून दहा पावले नुसत्या टाचांवर चाला, मग दहा पावले नुसत्या चवड्यांवर. दोन्ही पायांनी सारखे जमले तर ठीक. एक पाय मागे पडला तर समजावे, की प्रकरण मुंग्यांच्या पुढे गेले आहे. गुरुजींनी शाळेत मुलांना ही परीक्षा शिकवावी. मुले घरी जाऊन बापाला, काकाला चालायला लावतील. मोठ्यांचे न ऐकणारा ड्रायव्हर पुष्कळदा पोरांचे ऐकतो.

शेवटी दोन शब्द गाडीमालकांना. राज्यातील पहिली एस. टी. १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला धावली आणि त्यानंतर तेराच वर्षांनी, १९६१ साली, संसदेने मोटार कामगारांसाठी कायदा केला. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांच्या आत निदान अर्धा तास विश्रांती, असे त्यात घातले होते. कायदे बदलतात, माणसाची कंबर तीच राहते. "सकाळी सहाला माल पोचलाच पाहिजे" असे सांगताना वाटेतल्या दोन थांब्यांचा वेळ हिशोबात धरा. इंजिन तापले तर तुम्हीच म्हणता, "गाडी थोडी थंड होऊ दे." मग ती चालवणाऱ्या माणसालाही तेवढीच सवलत असावी. आणि ड्रायव्हर बंधूंनो, पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी पाठीमागच्या खिशातले पाकीट तेवढे काढून ठेवा. सुरुवात तेथूनच होऊ द्या.