गाजरातील केशरी रक्षक

गाजराचा केशरी रंग बीटा-कॅरोटीन या द्रव्याचा. पेशीत उत्तेजित ऑक्सिजनचे रेणू उपद्रव करू लागले, की हे द्रव्य त्यांची जादा ऊर्जा स्वतःकडे घेते व उष्णतेच्या रूपाने सोडून देते. मग त्याच्या गोळ्याच दिल्या तर?

फिनलंडमध्ये १९८५ पासून सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन मिळे. १९९४ साली निष्कर्ष आला, तो उलटाच! त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक. धुराने व भरपूर ऑक्सिजनने हा रेणू मोडतो आणि त्याचे तुकडेच पेशींना इजा करतात, असे शास्त्रज्ञांना वाटते. गंमत म्हणजे, याच पुरुषांपैकी फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत हा रोग कमी आढळला. अमेरिकेतील अशीच चाचणी १९९६ साली मध्येच थांबवावी लागली.