उंचीचा महसूल

न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाने तेथे काय काय पाहावे याविषयी आप्तेष्टांनी दिलेल्या याद्यांत मतभेद पुष्कळ असतात. पण एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या ८६व्या मजल्यावरचा प्रेक्षक-सज्जा वगळणारी यादी सहसा पाहायला मिळत नाही. वास्तविक उंचीच्या क्रमवारीत ही इमारत केव्हाच मागे पडली. जगाचे राहो, खुद्द न्यूयॉर्क शहरातच तिच्याहून उंच अशा अनेक इमारती गेल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. असे असूनही दरवर्षी लक्षावधी माणसे तिकिटाचे पैसे मोजून वर जातात, या गोष्टीचा उलगडा निव्वळ फूट-इंचांनी होण्यासारखा नाही. जमीन, कायदा आणि भाडे या तीन शक्तींनी एका महानगराला जो आकार दिला तो या सज्ज्यावरून स्पष्ट दिसतो. आणि त्याच तिघींचा हिशेब जेव्हा या इमारतीपुरता सपशेल चुकला, तेव्हा तिला तगवून धरण्याच्या कामी हा सज्जाच पुढे आला, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तिकिटाचे पुरते मोल वसूल करता येते.

फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ३४वा रस्ता यांच्या कोपऱ्यावर १९२९पर्यंत वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हे धनिकांचे नामांकित हॉटेल होते. ते पाडून त्या जागी कचेऱ्यांसाठी भाड्याने देण्याची एक प्रचंड इमारत उभारण्याचा घाट जॉन रॅस्कॉब यांनी घातला. जनरल मोटर्स या कंपनीच्या कारभारात मुरलेले हे धनाढ्य गृहस्थ १९२८च्या अध्यक्षीय निवडणुकीत आल्फ्रेड स्मिथ यांचे पाठीराखे होते. आणि न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर असलेले स्मिथ ती निवडणूक हर्बर्ट हूव्हर यांच्याकडून हरल्यावर त्यांना या नव्या इमारतीच्या कंपनीचे अध्यक्षपद मिळाले. त्याच सुमारास शहरात उंचीची चुरस ऐन रंगात आली होती. क्रायस्लर बिल्डिंगच्या बांधकामदारांनी १९२९च्या ऑक्टोबरात शिखराच्या पोटात गुपचूप जुळवून ठेवलेला पोलादी सुळका एकाएकी वर काढून आपली उंची १,०४६ फुटांवर नेली. रॅस्कॉब यांच्या आराखड्यातील सपाट छत होते १,०५० फुटांवर, म्हणजे सरशी अवघ्या चार फुटांची; आणि प्रतिस्पर्ध्याने आणखी एखादा सुळका काढला तर ती सरशीही राहती ना. तेव्हा त्या छतावर २०० फुटांचा एक मनोरा चढवण्याचे ठरले आणि त्याचे प्रयोजन म्हणून जाहीर झाले ते असे की, अटलांटिक ओलांडून येणारी हवाई जहाजे या मनोऱ्याला बांधली जातील, उतारू १०२व्या मजल्यावर उतरतील आणि ८६व्या मजल्यावर तिकिटे, सामान व जकात यांचे सोपस्कार उरकून काही मिनिटांत रस्त्यावर येतील.

ही योजना हास्यास्पद ठरली. इमारतीला आपटून वर उसळणाऱ्या वाऱ्यात शेकडो फूट लांबीचे, वायूने भरलेले जहाज एका टोकाने बांधून ठेवायचे आणि उतारूंना अरुंद फळीवरून चालत यायला सांगायचे, हे व्यवहारात कधीच शक्य झाले नाही. १९३१च्या सप्टेंबरात एक छोटे जहाज तीनएक मिनिटे कसेबसे बांधून ठेवता आले, एवढीच काय ती त्या मनोऱ्याची बंदर म्हणून कारकीर्द. परंतु आजचा प्रवासी ज्या उघड्या सज्ज्यावर उभा राहतो तो मूळ आराखड्यातील छताच्या जागी आहे आणि त्याच्या डोक्यावरचा सारा भाग हा चार फुटांच्या चिंतेतून जन्मलेला आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

बांधकाम मात्र अचाट वेगाने झाले. १७ मार्च १९३० रोजी सुरुवात झाली आणि १ मे १९३१ रोजी उद्घाटन. सत्तावन्न हजार टन पोलाद, एक कोटी विटा आणि ऐन भरात एका दिवशी तीन हजारांहून अधिक कामगार असा हा पसारा असताना, गजबजलेल्या रस्त्यावर सामान साठवायला जागाच नसल्यामुळे प्रत्येक तुळई क्रमांक घालून, ठरल्या वेळी दाखल होई. आणि प्रत्येक मजल्यावर तात्पुरते रूळ टाकून त्यांवरून ढकलगाड्यांनी विटा व सिमेंट फिरवले जाई. सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले या गतीने चढत गेला. उद्घाटनाच्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये बसून कळ दाबून या इमारतीचे दिवे लावण्याचा मान अध्यक्ष हूव्हर यांना मिळाला. ज्यांचा त्यांनी पराभव केला होता त्या स्मिथसाहेबांच्याच इमारतीचे!

दिवे लागले, पण भाडेकरू आले नाहीत. १९२९च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यानंतर आलेल्या महामंदीत नव्या कचेऱ्या मागणार कोण? इमारतीचा जेमतेम चौथा हिस्सा भाड्याने गेला, बाकीचे मजले ओस पडले आणि न्यूयॉर्ककरांनी तिला ‘एम्प्टी स्टेट बिल्डिंग’ असे नाव ठेवून आपली विनोदबुद्धी चालवली. अशा वेळी ताळेबंदाच्या जमेच्या बाजूला अनपेक्षित रक्कम पडू लागली ती सज्ज्याच्या तिकिटांची. माणशी एक डॉलर हा दर त्या हलाखीच्या काळात काही स्वस्त नव्हता. तरीही लोक येत राहिले, इतके की पहिल्या वर्षी तिकिटांचे उत्पन्न कचेऱ्यांच्या भाड्याच्या तोडीस तोड झाले. पुढे हवाई जहाजांना नको असलेल्या मनोऱ्यालाही काम मिळाले. दूरचित्रवाणीचे प्रयोग तेथून सुरू झाले, एडविन आर्मस्ट्राँग यांनी एफ. एम. रेडिओच्या चाचण्या १९३४मध्ये तेथूनच घेतल्या आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून शहरातल्या प्रक्षेपण केंद्रांचे भाडे तो मनोरा मिळवू लागला. ज्या दोन गोष्टी मूळ हिशेबात केवळ शोभेसाठी वा प्रतिष्ठेसाठी होत्या, त्यांनीच कर्त्या इमारतीला पोसावे हा दैवाचा न्याय म्हणायचा.

वर जाण्याचा क्रम असा. ३४व्या रस्त्यावरच्या दाराने आत शिरावे, तपासणीतून पार पडावे आणि लिफ्टने मिनिटभरात ८०व्या मजल्यावर पोचावे. कानांत दडे बसतात, पण पाय लटपटावेत असे काही होत नाही. तेथे लिफ्ट बदलून ८६वा मजला. हा बदल उगाच नाही. वास्तुविशारद विल्यम लॅम्ब यांनी लिफ्ट, जिने, नळ व तारा यांचा गाभा मधोमध ठेवून त्याभोवती खिडकीपर्यंत सुमारे २८ फूट खोलीच्या कचेऱ्यांची कड बसवली. जसजसे वर जावे तसतशा खालच्या मजल्यांच्या लिफ्ट संपत जातात, गाभा बारीक होतो आणि त्याबरोबर मजलाही आखडतो. आपण बाहेरून ज्याला निमुळतेपणाचे सौंदर्य म्हणतो त्यामागे भाड्याच्या चौरस फुटांचा असा काटेकोर हिशेब आहे.

सज्ज्यावर पाऊल ठेवताच पहिली भेट होते ती वाऱ्याची. काचेआडून पाहण्याची सोय १०२व्या मजल्यावर आहे, तिचे तिकीट वेगळे व महाग. ८६व्या मजल्यावर मात्र चारही बाजूंनी उघड्या हवेत फिरता येते, हे या सज्ज्याचे खरे वैभव. कठड्यावर उंच जाळी आहे. १९४७मध्ये लागोपाठ झालेल्या आत्महत्यांच्या प्रकारांनंतर ती बसवण्यात आली. हिवाळ्यात हिम पडत असताना येथे उभे राहिले तर एक नवल दिसते: हिमाचे कण खालून वर जात असतात. इमारतीच्या सपाट अंगावर आदळलेला वारा बाजूंनी वळतो तसा वरही चढतो आणि हलके कण आपल्याबरोबर उचलून नेतो. वादळी हवेत विजाही या मनोऱ्यावर वर्षाकाठी वीस-पंचवीस वेळा कोसळतात आणि पोलादी सांगाड्यातून निमूटपणे जमिनीत जातात. याच इमारतीवर २८ जुलै १९४५च्या धुकट सकाळी अमेरिकन लष्कराचे एक बॉम्बफेकी विमान ७९व्या मजल्याजवळ आदळले आणि चौदा जीव गेले; तरीही सांगाड्याला धक्का लागला नाही आणि दोन दिवसांनी, सोमवारी, बऱ्याच कचेऱ्या नेहमीप्रमाणे उघडल्या.

येथवर आलेला प्रवासी बहुधा प्रथम दूरचे शोधतो: दक्षिणेला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा, ईशान्येला क्रायस्लरचा चकचकीत मुकुट, आणि हवा स्वच्छ असेल तर ऐंशी मैलांपर्यंतची, शेजारच्या राज्यांतली धूसर भूमी. ते पाहावे, पण त्याआधी कठड्याशी जाऊन थेट खाली पाहावे. १८११ साली आयुक्तांच्या एका मंडळाने मॅनहॅटन बेटावर, तेथे बहुतांशी शेते व टेकड्या असताना, फुटपट्टीने रस्ते आखून टाकले; त्या आखणीतील ३३वा व ३४वा रस्ता यांमधले अंतर सुमारे दोनशे फूट, आणि या इमारतीच्या भूखंडाची रुंदी बरोबर त्यात बसणारी, १९७ फूट. म्हणजे आपल्या पायांखालच्या पोलादाचे एक माप सुमारे एकशेवीस वर्षे आधी एका जमीनमोजणीदाराने ठरवून ठेवले होते. त्या काटकोनी जाळ्याला न जुमानता तिरका धावणारा ब्रॉडवे हा रस्ता म्हणजे आदिवासींची जुनी वाट. ती जेथे जेथे मोठ्या ॲव्हेन्यूंना छेदते तेथे चौक झाले आणि चौकांतून व्यापार. पायथ्याशी हेरल्ड स्क्वेअर, उत्तरेला टाइम्स स्क्वेअर, आणि दक्षिणेला २३व्या रस्त्यावर अशाच त्रिकोणी तुकड्यावर १९०२मध्ये उभी राहिलेली फ्लॅटआयर्न बिल्डिंग.

मग भोवतालच्या जुन्या इमारतींची माथी पाहावीत. पुष्कळ इमारती पायऱ्यापायऱ्यांनी मागे सरत वर गेलेल्या दिसतात, ती काही वास्तुशिल्पज्ञांची लहर नव्हे. १९१५मध्ये ब्रॉडवेवर इक्विटेबल बिल्डिंग नावाची एक अवाढव्य इमारत पदपथापासून सरळ वर चढली आणि शेजाऱ्यांचा प्रकाश हिरावून बसली. तेव्हा १९१६च्या कायद्याने असे ठरवले की, रस्त्याच्या रुंदीच्या प्रमाणात विशिष्ट उंची गाठल्यावर इमारतीने मागे सरकत जावे, आणि भूखंडाच्या एक चतुर्थांश क्षेत्रावर मात्र मनोरा हवा तितका चढवावा. एम्पायर स्टेटचा पाच मजली पसरट पाया आणि त्यावरचा मागे सरकलेला मनोरा हे त्याच कलमांचे दगडी भाषांतर होय.

त्याच छपरांवर आणखी एक वस्तू जागोजागी दिसते: शंकूच्या आकाराची टोपी घातलेल्या लाकडी पाण्याच्या टाक्या. शहराच्या नळाचे पाणी आपल्या जोरावर साधारण सहा मजलेच चढते. पुढे ते पंपाने छतावर न्यावे लागते. एकविसाव्या शतकातही या टाक्या देवदारू जातीच्या फळ्यांच्याच असतात, कारण जाड लाकूड थंडीत पाणी गोठू देत नाही. फळ्यांना सरस वा रंग लावत नाहीत, पाणी भरले की त्या फुगून एकमेकींना घट्ट बसतात. भोवतालच्या लोखंडी पट्ट्या तळाकडे दाट व वर विरळ असतात, कारण पाण्याचा दाब तळाशी अधिक. हजार फुटांवरून दुर्बिणीने एवढे टिपता आले तरी शहराच्या दैनंदिन संसाराचा एक कोपरा पाहिल्यासारखे होते.

उत्तरेकडे नजर टाकली की सेंट्रल पार्कच्या आधी काही काडीसारखे बारीक, अतिउंच निवासी मनोरे आड येतात. शेजारच्या बुटक्या इमारतींना कायद्याने मिळणारी, पण न वापरलेली बांधकामाची मुभा विकत घेऊन ती एकाच भूखंडावर रचली की असा मनोरा होतो. मुंबईत चटईक्षेत्र आणि हस्तांतरणीय विकासहक्क हे शब्द रोजच्या वर्तमानपत्रात वाचणाऱ्यास यात नवे काही वाटणार नाही. दक्षिणेकडे मधला सखल भाग ओलांडून वॉल स्ट्रीटच्या बाजूला पुन्हा उंच इमारतींचा जथा दिसतो. मधल्या भागात पायाचा खडक फार खोल असल्यामुळे तेथे उंच बांधकामे झाली नाहीत असे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. अर्थशास्त्रज्ञांनी अलीकडे तपासले तेव्हा पायाच्या खर्चापेक्षा रेल्वेस्थानके, बाजारपेठा आणि ग्राहकांची वस्ती यांचा ओढाच निर्णायक असल्याचे दिसले. पश्चिमेला हडसनपलीकडे न्यू जर्सी. तेथील जर्सी सिटी व एडिसनच्या बाजूला आपली बरीच मराठी कुटुंबे स्थायिक झाली असल्यामुळे उन्हाळ्यात या सज्ज्यावर पुण्या-नागपुराहून आलेले आईवडील आणि त्यांना ‘बाबा, आपलं घर त्या बाजूला’ असे हात करून दाखवणारा मुलगा हमखास भेटतात.

अलीकडे शहरात आणखी सज्जे झाले आहेत. रॉकफेलर सेंटरच्या माथ्यावरून एम्पायर स्टेटच समोर दिसते, हा त्याचा मोठा फायदा. हडसन यार्ड्समध्ये काचेची जमीन आहे, वन व्हँडरबिल्टमध्ये आरशांच्या खोल्या. या नव्या ठिकाणी सज्जा हा पहिल्या आराखड्यापासूनच उत्पन्नाचे कलम म्हणून मांडलेला असतो, आणि म्हणूनच प्रवाशाला शहराऐवजी स्वतःचेच प्रतिबिंब पाहण्यात गुंतवण्याची हौस तेथे बळावते. एम्पायर स्टेटचा सज्जा उत्पन्नासाठी फारसा गृहीत धरलेला नव्हता. त्यामुळे तेथे विकण्यासारखे शहराखेरीज दुसरे काही नाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी जावे, गरम कपडे घ्यावेत आणि दूरच्या क्षितिजाला शेवटची पंधरा मिनिटे द्यावीत. क्षितिज कोठल्याही टेकडीवरून दिसते. कायद्याचे एक कलम आणि भाड्याचा एक आकडा शेकडो इमारतींच्या अंगावर कसा उमटतो, हे मात्र तिकीट काढून याच जागी पाहावे लागते, आणि त्या तिकिटाला महाग म्हणणे मला तरी जमत नाही.